वाजवी मजुरीचा लढा आणि आपण बागाईतदार

दसऱ्याच्या सुमारास द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली, की दिंडोरी व निफाड तालुक्यांतील मळ्यांतून पेठ, सुरगाणा या भागांतील आदिवासी मजुरांच्या टोळ्या दिसू लागतात. काम एकरी उक्ते द्यावयाचे की रोजाने, उचल किती द्यावयाची, जाण्यायेण्याचे भाडे कोणी सोसावयाचे, ही बोलणी मळ्याच्या बांधावरच होतात. वेळेवर टोळी न मिळाल्यास हंगाम हातचा जातो, हे आपण सर्व जाणतो; आणि मजुरांनी दर वाढवून मागितला की आपल्यापैकी पुष्कळांस तो अडवणुकीचा प्रकार वाटतो. मजुरीची मागणी म्हणजे काय, तिच्या मुळाशी काय असते, याचा शांतपणे विचार करावयाचा तर सह्याद्रीच्या पलीकडे घडलेला एक इतिहास आपण अवश्य ध्यानी घेतला पाहिजे.

त्र्यंबकेश्वराहून मोखाडा व जव्हारच्या वाटेने पश्चिमेस उतरले म्हणजे पालघर जिल्हा लागतो. सन २०१४ पर्यंत हा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे. डहाणू, तलासरी व उंबरगाव या बाजूस वारली लोकांची वस्ती दाट. एके काळी जमीन कसणारे तेच होते. परंतु कर्ज व कागदपत्र यांच्या फेऱ्यांत सापडून ती जमीन जमीनदार व सावकार यांच्या नावे गेली. मग वारल्याने खंडाने जमीन करावी आणि वर मालकाच्या शेतावर व घरी फुकट राबावे, अशी रीत पडली. तिला वेठ म्हणत. याहून कठीण स्थिती लग्नगड्याची. लग्नाच्या खर्चासाठी शेदोनशे रुपये कर्ज काढावे आणि त्या कर्जापोटी नवराबायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षे राबावे; हिशेब सावकाराच्या वहीत, म्हणून कर्ज फिटण्याचा दिवस सहसा उगवत नसे. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनी सन १९३९ च्या सुमारास सादर केलेल्या अहवालात या वेठीची व गुलामीची नोंद केलेली आहे. म्हणजे सरकारास माहिती नव्हती असे नव्हे. माहिती असूनही वर्षे गेली.

सन १९४५ च्या जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. त्या परिषदेस थोडे वारली गेले होते. आपली हकीकत सांगून त्यांनी कार्यकर्त्यांस आपल्या गावी येण्याचा आग्रह केला. त्याप्रमाणे शामराव परुळेकर व त्यांच्या पत्नी गोदावरीबाई परुळेकर त्या भागात गेल्या. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर. परंतु पाड्यापाड्यांतून पायी हिंडून, झोपडीत मुक्काम करून, आंबील व नाचणीची भाकर खाऊन त्यांनी लोकांचा विश्वास संपादन केला. हा अनुभव त्यांनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या सन १९७० मधील पुस्तकात लिहून ठेवला आहे.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी सुमारे पाच हजार वारल्यांची सभा झाली. तेथे ठरले, की यापुढे वेठ करावयाची नाही, लग्नगडी म्हणून कोणी राबावयाचे नाही, आणि मालकाच्या खासगी शेतावर काम करावयाचे तर रोजी बारा आणे रोख घेतल्याशिवाय करावयाचे नाही. या ठरावातील 'रोख' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. वहीत जमा होणाऱ्या मजुरीने कोणाची चूल पेटत नाही, हे वारल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले होते.

पाऊस ओसरल्यावर गवत कापणीचा हंगाम आला. या भागातील गवत मुंबईच्या तबेल्यांस जात असे व त्यावर मालकांस चांगली प्राप्ती होई. गवत ठरल्या वेळी कापले नाही तर वाळून निकामी होते. म्हणजे मजुराचे बळ याच वेळी सर्वांत अधिक. वारल्यांनी मागणी केली, की ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो, गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत. मागणी मोघम नव्हती. वजन ठरलेले, दर ठरलेला. मालकांनी ती नाकारली व संप सुरू झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो वारली जमले असता पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड व आणखी चौघे मृत्यू पावले. तरीही लोक पांगले नाहीत व कामावर परतले नाहीत, आणि अनेक मालकांस दर वाढवून द्यावा लागला. तलासरीच्या बाजूस १० ऑक्टोबर हा हुतात्मा दिन म्हणून पाळण्यात येतो. पुढील वर्षी जंगलतोडीच्या कामासाठी रोजी सव्वा रुपयाची मागणी पुढे आली व त्यासाठीही संप झाला. परुळेकर पतिपत्नीस जिल्ह्याबाहेर घालविण्यात आले. पण वेठ जी मोडली ती पुन्हा बसली नाही.

यानंतर सन १९४८ मध्ये किमान वेतनाचा कायदा झाला व शेतीचे कामही त्याच्या परिशिष्टात घातले गेले. सन १९७७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मातीकाम मोजून मजुरी देण्याची रीत त्या कामांवर गावोगाव परिचित झाली.

आता आपल्याकडे वळू. सन १९८० मध्ये याच नाशिक जिल्ह्यात ऊस व कांदा यांच्या रास्त भावासाठी शेतकऱ्यांनी रस्ते अडविले. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचे म्हणणे असे होते, की मालाच्या भावात उत्पादनाचा सारा खर्च भरून आला पाहिजे. त्या खर्चात मजुरी येते, आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरच्या माणसांचे श्रमही येतात. कांद्याचा भाव व्यापाऱ्याच्या मर्जीवर नसावा असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याने मजुराची मजुरी आपल्या मर्जीवर असावी असे म्हणणे शोभत नाही. वारल्याची अडीच रुपयांची मागणी आणि आपली रास्त भावाची मागणी या एकाच न्यायाच्या दोन बाजू आहेत.

कोणी म्हणेल, की भाव पडला तर मजुरी कोठून द्यावयाची? शंका खरी आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु पडलेल्या भावाचा भार ज्याच्याजवळ काहीच साठा नाही त्याच्यावर टाकल्याने भाव चढत नाही. टोळी मात्र पुढच्या साली दुसऱ्या मळ्यावर जाते. यास्तव काम सुरू होण्यापूर्वीच दर, माप व चुकतीचा दिवस ठरवावा. उक्त्या कामाची मोजणी मजुरांसमक्ष करावी. उचल दिली असल्यास तिचा हिशेब दोघांजवळ असावा. स्त्रीपुरुषांस समान कामास समान दर द्यावा. यात बागाईतदाराचे नुकसान नाही. ठरलेला दर त्यालाही खर्चाचा अंदाज देतो, आणि ऐन छाटणीत बांधावर होणारी कटकट वाचवितो.

झरीच्या सभेत बसलेल्यांपैकी बहुतेकांस लिहिता येत नव्हते. तरी त्यांनी मागितले ते एवढेच, की कामाचे माप व्हावे आणि त्याचे पैसे हातात पडावेत. आपल्याजवळ लेखणी आहे, वही आहे, तराजू आहे. तेव्हा येत्या छाटणीस पहिली कात्री लागण्यापूर्वी दर व माप वहीत लिहून टोळीस वाचून दाखविण्याचा परिपाठ प्रत्येक मळ्यावर पडावा, एवढीच वाचक बंधूंस विनंती आहे.