‘एआयने आमच्या डॉक्युमेंटेशनला दहापैकी नऊ दिले’

सॉफ्टवेअर टूल बनवणाऱ्यांकडून हल्ली एक दावा सारखा कानावर येतो: ‘आमचं डॉक्युमेंटेशन एआय एजंटसाठी तयार आहे. मॉडेललाच वाचायला दिलं, गुण द्यायला सांगितलं, दहापैकी नऊ मिळाले.’ याला तपासणी म्हणत नाहीत. मजकूर वाचून दिलेलं मत वेगळं आणि त्या मजकुराच्या आधारे पार पडलेलं काम वेगळं. वर्गात ‘समजलं का?’ विचारलं की सगळी मुलं ‘हो’ म्हणतात. कोणाला किती समजलं ते गणित सोडवायला दिल्यावरच कळतं.

मॉडेलला परीक्षक केलं की काय होतं, हे 2023 मध्येच तपासलं गेलं आहे. एमटी-बेंच आणि चॅटबॉट अरीना या कसोट्यांवरच्या शोधनिबंधात परीक्षक मॉडेल लांबलचक उत्तराला झुकतं माप देताना दिसली. दोन उत्तरांपैकी कोणतं आधी ठेवलं यावरही निकाल बदलत होता. त्याच निबंधात जीपीटी-4चं मत माणसांच्या मताशी 80 टक्क्यांहून अधिक वेळा जुळलं, हेही खरं. पण तिथे प्रश्न कोणतं उत्तर जास्त पसंत पडतं हा होता. कमांड चालते की नाही यात पसंतीचा संबंध येतोच कुठे? चालवून पाहा!

पायथनमधल्या पांडाज लायब्ररीचं उदाहरण घ्या. डेटाफ्रेमला ओळी जोडणारी ‘अपेंड’ ही सोय जानेवारी 2022 मध्ये 1.4 व्हर्जनमध्ये कालबाह्य ठरली आणि एप्रिल 2023 मध्ये 2.0 मधून काढून टाकली गेली. तिच्याऐवजी ‘कॉनकॅट’ वापरा, असं डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं. गुण द्यायचे तर पूर्ण द्यावे लागतील. पण त्याआधी वर्षानुवर्षं लोकांनी लिहिलेला ‘अपेंड’चा कोड मॉडेलच्या प्रशिक्षणात गेलेला असतो, त्यामुळे एजंट डॉक्युमेंटेशन न उघडताच जुनी ओळ लिहून मोकळा होऊ शकतो. मग एरर येते: डेटाफ्रेमला ‘अपेंड’ नाही. पांडाज 2.0 सोबत पायथन 3.10 किंवा त्यापुढचं असेल, तर त्या एररच्या शेपटाला ‘अंडरस्कोअर-अपेंड म्हणायचं होतं का?’ अशी सूचनाही येते. ते लायब्ररीचं अंतर्गत फंक्शन आहे, बाहेरच्यांनी वापरायचं नाही. सूचना मानणारा एजंट नेमका तिथेच जाणार. ‘कॉनकॅट’चं नाव त्या एररमध्ये कुठेच नाही. डॉक्युमेंटेशनची पानं वाचून गुण देणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही.

मग तपासायचं कसं? वापरणारा खरोखर करेल असं काम द्या, कोरं मशीन द्या आणि निकाल टेस्ट चालवून ठरवा. एसडब्ल्यूई-बेंच ही 2023 ची कसोटी हेच करते: पायथनच्या 12 प्रकल्पांमधले 2,294 प्रश्न आणि उत्तर बरोबर की चूक हे त्या त्या प्रकल्पाच्या टेस्ट सांगतात. तेच काम एकदा डॉक्युमेंटेशन देऊन आणि एकदा न देता करून घ्या. दोन्ही वेळा जमलं, तर श्रेय मॉडेलच्या स्मरणशक्तीचं आहे, तुमच्या लिखाणाचं नाही. आणि एकदा जमलं म्हणून थांबू नका. 2024 च्या टाउ-बेंच या कसोटीत जीपीटी-4ओ हे मॉडेल रिटेल विभागातली तीच कामं आठच्या आठ वेळा बरोबर करण्यात 25 टक्क्यांच्याही खाली राहिलं.

अशा चाचणीत जे सापडतं ते वाचून सापडत नाही. अँथ्रॉपिक या एआय कंपनीच्या इंजिनिअरांनी डिसेंबर 2024 मध्ये लिहिलं आहे की त्यांचा एजंट मुख्य फोल्डरमधून बाहेर पडला की फाइलच्या सापेक्ष पत्त्यांमध्ये चुकायचा. त्यांनी टूलमध्ये पूर्ण पत्ता सक्तीचा केला आणि ती चूक थांबली. टूलच्या वर्णनात आणखी चार परिच्छेद घालून हे झालं नसतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘जितकं जास्त लिहू तितकं चांगलं’: नाही, लांब मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेलच्या हातून जास्त निसटते, हे ‘लॉस्ट इन द मिडल’ या 2023 च्या निबंधाने दाखवलं. ‘साइटवर एलएलएम्स-डॉट-टीएक्सटी फाइल टाकली की झालं’: जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर 2024 मध्ये सुचवलेली ती फाइल म्हणजे कुठे काय आहे याची यादी; आतली पानं चुकीची असतील तर ती चुकीच्याच पानांवर नेईल. ‘माणसाला कळतं ते एजंटला कळणारच’: ‘चित्रात दाखवलेलं बटण दाबा’ हे वाक्य फक्त मजकूर वाचणाऱ्या एजंटच्या काही कामाचं नाही. ‘एरर मेसेज हा डॉक्युमेंटेशनचा भाग नाही’: वरचा पांडाजचा परिच्छेद पुन्हा वाचा.

तेव्हा टूल बनवणाऱ्यांना विनंती आहे: ‘एआयसाठी तयार’ हा शिक्का मारण्याआधी कोणतं काम दिलं, कोणत्या मॉडेलला दिलं, किती वेळा दिलं आणि त्यातलं किती वेळा जमलं, एवढं तरी जाहीर करा. वापरणाऱ्यांनीही तेच विचारावं.