मौनव्रती पियानो

१९७४ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जपानमधील हिरात्सुका शहराच्या एका बहुमजली वसाहतींत, पियानोच्या आवाजानें चिडलेल्या एका रहिवाशानें खालच्या बिऱ्हाडांतील आई व तिच्या दोन मुली यांचा खून केला. या क्रौर्याचें समर्थन कोणीहि करणार नाहीं. परंतु दाट वस्तींतील संगीतसाधना हा शेजारधर्माचाहि प्रश्न आहे, ही जाणीव त्या घटनेनें जपानांत तीव्र झाली. एकच सुरावट शेंकडों वेळां घोटल्यावांचून हात बसत नाहीं, आणि ती शेंकडों वेळां ऐकून शेजाऱ्याचा धीर टिकत नाहीं.

उभ्या पियानोंत यावर एक जुना उपाय असे. मधलें पेडल दाबलें म्हणजे हातोड्या व तारा यांच्यामध्यें नमद्याचा पडदा उतरे. त्यानें आवाज दबे, पण नाहींसा होत नसे; नादाचा गुण मात्र हरपे. यामाहा कंपनीनें १९९३ सालीं मूक पियानो बाजारांत आणला. पुढें घरांतील जुन्या पियानोंतहि अशी योजना बसवितां येऊं लागली.

तिचें मर्म पियानोच्या मूळ रचनेंतच आहे. पट्टी दाबली म्हणजे हातोडी तारेकडे फेंकली जाते. परंतु तार दोन-तीन मिलिमीटर दूर असतांनाच पट्टीचा व हातोडीचा संबंध सुटतो. उरलेलें अंतर हातोडी केवळ मिळालेल्या वेगानें तोडते. म्हणजे बोटाला कळणारा स्पर्श तारेवर आघात होण्यापूर्वींच बहुतेक पुरा झालेला असतो. म्हणून हातोड्यांच्या दांड्यांपुढें एक आडवा गज बसवितात. खटका ओढतांच तो पुढें येऊन दांड्यांना तारेच्या अलीकडेच अडवितो. पट्ट्यांखालील संवेदक प्रकाशकिरणांच्या योगें प्रत्येक पट्टीची गति टिपतात, आणि त्यानुसार उत्पन्न केलेला स्वर वाजविणाऱ्याला हेडफोनमधून ऐकूं येतो.

हें सर्व बसविणें कुशल कारागिराचें काम होय. त्याला ८८ पट्ट्या काढून संवेदकांची ओळ समपातळींत बसवावी लागते व प्रत्येक पट्टीचें माप जुळवावें लागतें. खरी कसोटी संबंध सुटण्याच्या क्षणाची. तो थोडा अलीकडे न आणल्यास हातोडी गजाशीं अडून बसते. फार अलीकडे आणल्यास खऱ्या तारांवर अगदीं हळुवार वाजविणें कठीण होतें. मौनाची किंमत या मिलिमीटरांत मोजावी लागते.

शिवाय हें मौन पूर्ण नव्हे. पट्ट्यांची टकटक जमिनीवाटे खालच्या मजल्यावर जातेच. तिच्यासाठीं पियानोखालीं जाड गालिचा हवा. तारा न वाजल्या तरी ऋतुमानाप्रमाणें उतरतात. त्या वेळोवेळीं सुरांत लावाव्याच लागतात. आणि खोलीभर घुमणारा नाद आवरण्याची कला हेडफोनमधून साधत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यानें रात्रीं गज पुढें घ्यावा. मात्र दिवसां, शेजाऱ्यांना विचारून, घटकाभर तरी तारा मोकळ्या सोडाव्या.