व्यापारी खलाशाचा बंदिवास : संज्ञा आणि साक्ष

दुसऱ्या महायुद्धातील बंदिवासकथनांचा प्रचलित आदर्श सैनिकी अधिकाऱ्यांच्या पलायनकथांनी घडवला. पॅट रीड यांचे ‘द कोल्डिट्झ स्टोरी’ (१९५२) हे त्याचे ठळक उदाहरण होय. व्यापारी जहाजांवरील खलाशांचा अनुभव या आदर्शात बसत नाही. त्यांचा पहिला तुरुंग अनेकदा जहाजच असे. ‘आल्टमार्क’ या जर्मन जहाजाच्या कोठारांत डांबलेल्या २९९ खलाशांची सुटका फेब्रुवारी १९४० मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर झाली. पुढे पकडलेल्या हजारो खलाशांची रवानगी ब्रेमेननजीक वेस्टरटिमके येथे झाली. तेथे नौसैनिकांसाठी ‘मार्लाग’ आणि व्यापारी खलाशांसाठी ‘मिलाग’ अशा दोन छावण्या होत्या. ‘मिलाग’ या संक्षिप्त नावातच ‘स्थानबद्ध’ हा अर्थ अंतर्भूत आहे. एप्रिल १९४५ पर्यंत काटेरी तारांआड राहिलेला हा कैदी संज्ञेने सैनिक नव्हता आणि व्यवहारात नागरिकही उरला नव्हता.

हिंदी खलाशांच्या बाबतीत ही संदिग्धता दुणावते. कोकण, गोवा, सिल्हेट येथून ब्रिटिश जहाजांवर आलेले हे कामगार वेगळ्या करारनाम्यावर, गोऱ्या सहकाऱ्यांहून कमी वेतनात राबत; मिलागमध्येही त्यांचा विभाग स्वतंत्र होता.

१९४९ च्या जिनिव्हा कराराने युद्धकैद्याच्या व्याख्येत व्यापारी खलाशांचा स्पष्ट समावेश केला. तौलनिक अभ्यासाने मात्र केवळ प्रकाशित आत्मकथन प्रमाण मानल्यास हा अनुभव निसटतो. छावणीतील ठरावीक नमुन्याची पत्रे, नावनोंदी आणि मौखिक स्मृती यांनाही साक्षीचा दर्जा द्यावा लागतो.