जुनी कूपे मोटार व तिची सुधारणा

आगगाडीच्या पहिल्या वर्गांत दोन माणसांपुरती जी लहानशी बंदिस्त खोली असते तिला ‘कूपे’ म्हणतात, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. हा शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘कापलेला’ असा आहे. घोड्याच्या मोठ्या गाडीची समोरची बैठक कापून टाकली म्हणजे दोघांपुरती जी आटोपशीर गाडी उरे तिला कूपे म्हणत. तेंच नांव पुढें आगगाडीच्या खोलीस व दोन दरवाजांच्या बंदिस्त मोटारीस मिळालें. अमेरिकेंतील लोकांनीं शेवटचा स्वर गाळून त्याचा ‘कूप’ केला. संस्कृत जाणणाऱ्यास ह्या उच्चारानें विहिरीची आठवण होईल. आणि जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थांचा पैसा कोठें जातो हें पाहिलें, तर ती आठवण अगदींच अस्थानीं आहे असें म्हणवत नाहीं. ह्या गाड्यांपैकीं कित्येकींच्या पाठीमागें झांकण उघडून बाहेर काढण्याची एक जादा बैठक असे. इंग्लंडांत तिला ‘डिकी’ म्हणत. ती बैठक गेली व तिच्या जागीं सामानाचा कप्पा आला, पण आपल्या बोलण्यांत त्या कप्प्याचें नांव अजून डिकीच राहिलें आहे.

युद्धपूर्व गाडी म्हणजे कोणती हें अमेरिकेपुरतें नेमकें सांगतां येतें. ते राष्ट्र दुसऱ्या महायुद्धांत उतरल्यावर १९४२ च्या फेब्रुवारींत तेथें खासगी मोटारी तयार करण्याचें काम थांबविण्यांत आलें. त्यापूर्वीं कारखान्याबाहेर पडलेली ती युद्धपूर्व. अशा गाड्या आपल्याकडे अगदींच अनोळखी नव्हत्या. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें जुळवणीचा कारखाना घातला आणि तेथून शेव्हरोलेट गाड्या देशभर गेल्या. परंतु दुरुस्तीच्या ज्या प्रश्नाचा आज आम्ही विचार करणार आहों, तो सर्वांत अधिक चर्चिला जातो तो अमेरिकेंत, आणि तोही फोर्डच्या १९३२ व त्यापुढील कूपेविषयीं. म्हणून तीच गाडी आम्ही उदाहरणादाखल घेतों.

१९३२ सालीं हेन्री फोर्ड ह्यानें स्वस्त गाडींत आठ नळकांड्यांचें एंजिन बसविलें. चार नळकांडीं एका अंगास व चार दुसऱ्या अंगास, अशी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी मांडणी. आणि हा सर्व सांगाडा एकाच ओतिवांत ओतलेला. त्यापूर्वीं असलें एंजिन श्रीमंतांच्याच गाडींत असे. त्याचें आकारमान २२१ घन इंच, म्हणजे सुमारें ३.६ लिटर, व शक्ति ६५ अश्वबळ. झडपा वर नसून बाजूस ओतिवांतच बसविल्या असल्यामुळें वरचें झांकण सपाट आहे. म्हणून ह्यास ‘फ्लॅटहेड’ म्हणतात. किरकोळ फेरफार होत होत हें एंजिन अमेरिकेंत १९५३ पर्यंत निघत होतें.

आतां प्रश्न असा कीं, नव्वद वर्षांपूर्वींची ही गाडी ज्याच्या हातीं आली त्यानें तिचें काय करावें? एक पक्ष म्हणतो कीं, कारखान्यांतून निघाली तेव्हां जशी होती तशीच ती ठेवावी, एक खिळाही नवा नको. दुसरा पक्ष म्हणतो कीं, बाहेरील आकार तेवढा जुना ठेवून आंत सर्व नवें भरावें. दोन्ही पक्षांत जाणते लोक आहेत. आमचें मत असें आहे कीं, ‘किती बदलावें’ ह्यापेक्षां ‘आधीं काय बदलावें’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण गाडी धन्याची असली तरी रस्ता धन्याचा नाहीं.

पहिला मान ब्रेकचा. १९३२ ते १९३६ पर्यंतच्या फोर्ड गाडींत पायाखालच्या पट्टीपासून चाकापर्यंत पोलादी दांडे असत. पट्टी दाबली कीं एक आडवा दंड फिरे, त्याला जोडलेले दांडे ओढले जात आणि चाकांतील पट्टे ढोलाच्या आंतल्या अंगास घांसत. ही योजना टाकाऊ होती असें कोणी समजूं नये. सर्व दांडे नीट जुळविलेले असतील तर ही गाडी बरी थांबते. परंतु सांध्यांतील खिळे झिजतात, एक दांडा दुसऱ्याहून किंचित् लांब पडतो, मग एक चाक आधीं धरतें व दुसरें मागाहून, आणि गाडी एका बाजूस ओढते. ओल्या रस्त्यावर हें विशेष घातक. इतर कारखान्यांनीं हा प्रश्न अगोदरच सोडविला होता. क्राइस्लरच्या गाडींत १९२४ पासून व शेव्हरोलेटच्या गाडींत १९३६ पासून द्रवाच्या दाबानें चालणारे ब्रेक होते. फोर्डनें मात्र पोलादावरील आपला भरंवसा सोडला नाहीं. तो १९३९ सालीं सोडला.

द्रवाच्या ब्रेकचें तत्त्व विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेलेंच आहे. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला तर तो सर्व दिशांस सारखा पोहोंचतो, हा पास्कलचा नियम. ज्या पास्कलचे धर्मविषयक विचार आजही वाचले जातात तोच हा पास्कल (१६२३–१६६२). त्याच्या नियमामुळें समान व्यासाच्या दट्ट्यांवर समान जोर पडतो, आणि दांड्यांची लांबी जुळवीत बसण्याची खटपटच उरत नाहीं. सुदैवानें फोर्डच्याच १९३९ ते १९४८ च्या गाड्यांचे ब्रेक थोड्या फेरफारानें पूर्वींच्या आंसांवर बसतात. बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षांतही येत नाहीं. त्यांत एक भर अवश्य घालावी. त्या काळीं चारही चाकांस एकाच टाकींतून तेल जाई. एक नळी फुटली कीं सर्वच ब्रेक निकामी. अमेरिकेंत १९६८ पासून कायद्यानें दोन स्वतंत्र मार्ग ठेवणें भाग पडलें. जुन्या गाडींतही दुहेरी मार्गाची टाकी बसवितां येते, व ती बसवावीच. आणखी एक सूचना: जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत अस्बेस्टॉस असतें. ढोल उघडल्यावर त्यांतील भुकटी फुंकून उडविण्याची कारागिरांची जी संवय असते ती फुप्फुसांस अत्यंत घातक आहे. ती भुकटी ओल्या फडक्यानें टिपून काढावी, आणि मुलांस त्या वेळीं जवळ उभें राहूं देऊं नये.

ब्रेकवर आम्ही इतका भर कां देतों? गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ४० मैलांनीं जाणाऱ्या गाडीचा वेग ६० मैल केला तर वेग दीडपट होतो, पण ऊर्जा सव्वादोनपट होते, आणि ती सर्व ब्रेकनेंच गिळावी लागते. ज्या रस्त्यांसाठीं ही गाडी घडविली त्यांवर ४० मैल हा पुष्कळ वेग होता. आजच्या महामार्गावर मागून येणारा मनुष्य तिला तितक्या मंदपणें जाऊं देत नाहीं.

दिव्यांची गोष्ट थोडक्यांत सांगतां येईल, पण तिच्यांत एक गमतीचा हिशेब आहे. त्या काळच्या फोर्ड गाडींत विजेचा दाब ६ व्होल्ट असून बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असे. ६० वॅटचा दिवा ६ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह ओढतो, १२ व्होल्टवर फक्त ५. प्रवाह दुप्पट म्हणून तारही जाड पाहिजे. कोणी अडाणी दुरुस्तीवाला मधल्या काळांत बारीक तार घालतो, सांगाड्यावरील जोड गंजलेला असतो, दिवे काजव्यासारखे लुकलुकतात, आणि मग धनी म्हणतो कीं ६ व्होल्टची पद्धतच वाईट! जाड तार घालून सांगाड्यावरील जोड घांसून चकचकीत करावे. पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें. त्याउपर १२ व्होल्ट करावयाचे तर तेही करतां येतात, परंतु टोंकें उलटीं जोडलीं तर नवें वीजयंत्र क्षणांत जळून जातें. वळण्याची सूचना देणारे दिवे व मागचा दुसरा लाल दिवा मात्र दोन्ही पक्षांच्या लोकांनीं मुकाट्यानें लावावे. बसणाऱ्यांच्या कमरेच्या पट्ट्यांविषयींही तेंच.

आतां एंजिनाकडे वळूं. फ्लॅटहेडची मोठी तक्रार म्हणजे तें तापतें. ह्याचें कारण त्याच्या घडणींतच आहे. जळलेला वायु थेट बाहेर न जातां ओतिवाच्या पोटांतून, थंड पाण्याच्या कप्प्यांमधून वाट काढीत जातो, व जातां जातां पाणी तापवितो. शिवाय प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन नळकांड्यांस मिळून एकच वाट आहे. १९३६ पर्यंत पाण्याचे पंप वरच्या झांकणांवर असून ते तापलेलें पाणी ओढीत. १९३७ पासून ते खालीं ओतिवावर आणून थंड पाणी आंत ढकलण्याची योजना झाली, आणि तिनें बराच गुण आला. पण नवे पंप, नवा पंखा, मोठी जाळी ह्यांवर खर्च करण्यापूर्वीं ओतिवाचें पोट साफ करावें. त्यांत अनेक वर्षांचा गंज, आणि कधीं कधीं ओतीव ओततांना सांच्यांतील राहून गेलेली वाळूही सांपडते! ती निघाल्यावर पुष्कळ एंजिनें शहाण्यासारखीं वागूं लागतात. तरीही रहदारींत उभें राहिल्यावर तापत असेल तर जाळीमागें विजेचा पंखा लावावा.

पेट्रोलची एक नवी अडचण आहे. अमेरिकेंतील बहुतेक पेट्रोलांत आज सुमारें १० टक्के इथेनॉल असतें. आपल्या देशांत तर २० टक्क्यांचें पेट्रोल सर्रास झालें आहे. इथेनॉल पाणी शोषून घेतें, आणि जुन्या पद्धतीच्या रबरास सडवितें. म्हणून नळ्या व पंपांतील पडदे नव्या मिश्रणास टिकतील असे घालावे. सडलेल्या नळींतून तापलेल्या एंजिनावर पेट्रोल ठिबकलें तर काय होईल हें सांगावयास नको. मात्र एका बाबतींत हें एंजिन फार सोशिक आहे. १९३२ च्या एंजिनांत मिश्रण साडेपांच पटच दाबलें जातें. त्यामुळें आजचें साधें पेट्रोलही त्यास गरजेपेक्षां चांगलें पडतें.

राहिली गोष्ट अधिक शक्तीची. तरुणांस हीच आधीं हवी असते, आणि आमच्या मतें हीच सर्वांत शेवटीं यावी. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागें दक्षिण कॅलिफोर्नियांतील तरुण अशा कूपे गाड्या घेऊन, चाकांवरील पंखे उतरवून, कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर वेगाचे प्रयोग करीत. त्यांच्या कल्पकतेस तोड नाहीं. पण तेव्हां त्या गाड्या जुन्या बाजाराच्या मोलानें मिळत, आणि एक बिघडली तर दुसरी होती. आज शेव्हरोलेटचें १९५५ नंतरचें आठ नळकांड्यांचें एंजिन आंत घालण्याचा जो प्रघात आहे त्याची सांखळी पाहा. शक्ति दुपटीहून अधिक झाली म्हणून जुनी दांत्यांची पेटी टिकत नाहीं. पेटी बदलली कीं मागच्या आंसापर्यंत जाणारी बंद नळी जुळत नाहीं, म्हणून आंसही बदलला. आंसाबरोबर आडवी कमान गेली, कमानीबरोबर सांगाड्याचा आडवा दंड कापावा लागला, आणि पुढें सुकाणूची यंत्रणा अपुरी पडली. हें सर्व उत्तम कारागिरानें केलें तर गाडी उत्तम धांवते, ह्यांत शंका नाहीं. अर्धवट सोडलें तर तिला ना जुनी म्हणतां येतें ना रस्त्यावर काढतां येतें. आणि अशा अर्धवट गाड्या गोदामांतून पुष्कळ पडलेल्या आहेत.

म्हणून जाणत्या लोकांनीं एक साधा नियम पाळला आहे: जें नटबोल्टांनीं बसवितां व काढतां येईल तें खुशाल बसवावें, जेथें करवत किंवा वितळजोड लागेल तेथें थांबून पुन्हां विचार करावा. नव्या ब्रेकची टाकी सांगाड्यास पूर्वींच असलेल्या भोंकांत अडकवितां येत असेल तर नवें भोंक पाडूं नये. काढलेले दांडे, पंप, तारा, दिवे ह्यांना तेल लावून, प्रत्येकास चिठ्ठी बांधून, कोठून काढला व कोणत्या सालीं हें तीवर लिहून एका पेटींत ठेवावें. आणि गाडी विकली गेली तर ती पेटी तिच्या डिकींतच घालून द्यावी.