नवी ई-माउंटन बाइक : खरी सुधारणा किती आणि नुसता आकडा किती?

बाजारात नवा मोबाइल आला की विंगमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, जुन्यात काय कमी होतं? दुसरी पार्टी तोपर्यंत घरी फोन लावून बसलेली असते. इलेक्ट्रिक माउंटन बाइकबद्दल युरोपात सध्या हेच चाललंय. फक्त तिथे एका सायकलला काही हजार युरो पडतात, त्यामुळे भांडण जरा जास्त गंभीर आहे. तेव्हा आपण ब्रोशर बाजूला ठेवून मोटर उघडून बघू. अर्थात कागदावरच!

उदाहरणाला जर्मनीच्या बॉशची 'परफॉर्मन्स लाइन सीएक्स' ही मोटर घेऊ. (बॉश म्हणजे तीच, जिच्या नाशिकच्या कारखान्याला जुनी माणसं अजून 'मायको' म्हणतात.) ही मोटर चाकाच्या हबमध्ये नसते, पॅडलच्या क्रँकपाशी बसते. तुमच्या पायाचा टॉर्क सेन्सर मोजतो आणि मोटर त्या प्रमाणात भर घालते. पाय थांबला की मोटरही थांबली. युरोपियन नियमानुसार ताशी २५ किलोमीटरनंतर मदत बंद, आणि मोटरची सलग चालण्याची रेटेड पॉवर २५० वॅट. मग जाहिरातीत ६०० वॅट कुठून येतात? ती 'पीक' पॉवर. २५० हा आकडा मोटर न तापता सतत किती काम करेल याचा आहे, चढावर थोडा वेळ ती त्याच्या दुप्पट-तिप्पट देऊ शकते. इलेक्ट्रिकलच्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको.

जुनी सीएक्स २०१५ मध्ये आली. टॉर्क ७५ न्यूटन-मीटर, वजन सुमारे ४ किलो. तिची गंमत म्हणजे पुढचं चेनव्हील अगदी छोटं, पंधरा-सोळा दात्यांचं. पॅडलचा एक फेरा झाला की ते आतल्या गिअरमुळे अडीच फेरे फिरायचं. म्हणजे १५ दाते असले तरी काम साध्या सायकलच्या ३८ दात्यांएवढं. पण फुकट काहीच मिळत नाही. एक तर तुमच्या पायाची ताकदसुद्धा त्या गिअरमधून जाणार, म्हणजे थोडी तिथेच खर्च होणार. दुसरं, प्रत्येक दात्यावर चेन अडीचपट वेळा बसणार, म्हणजे झीज लवकर. आणि सगळ्यात वैताग २५ च्या पुढे! मोटर मदत द्यायची थांबली तरी आतली गिअर पायानेच फिरवायची. जड सायकल, वरून कोणीतरी मागून कॅरिअर धरून ओढतंय असं वाटणार.

२०१९ मध्ये बॉशने ही रचनाच टाकून दिली. चेनव्हील नेहमीच्या आकाराचं झालं, क्रँकच्या एका फेऱ्याला एकच फेरा. मदत बंद झाली की मोटर फ्रीव्हीलने पूर्ण सुटी होते. वजन २.९ किलोवर आलं, आकार जवळपास निम्मा झाला, त्यामुळे फ्रेम बनवणाऱ्यांना मागचं चाक मोटरच्या जवळ आणता आलं आणि वळणावर सायकल चपळ झाली. आता मजा बघा, टॉर्कचा आकडा तेव्हा होता तसाच ७५ राहिला! ब्रोशरमधला एकच कॉलम वाचणाऱ्याला वाटलं असतं की काहीच बदललं नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी सुधारणा हीच.

नंतर २०२० मध्ये त्याच मोटरचा टॉर्क ७५ चा ८५ झाला, तोही नुसत्या सॉफ्टवेअरने. त्याआधी २०१७ मध्ये जुन्या सीएक्सलाही 'ई-एमटीबी' मोड असाच मिळाला होता. तुम्ही जितका जोर लावाल त्यानुसार मदत आपोआप कमी-जास्त होणार. खडकाळ चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरणं त्याने कमी झालं. म्हणजे 'नवीन' गोष्ट दरवेळी नवीन लोखंडात असतेच असं नाही.

२०१९ च्या मोटरला एक खोड मात्र होती. दगडधोंड्यांच्या उतारावर पॅडल न मारता सुटलात की आतली सुटी गिअर एकमेकांवर आपटून खडखड आवाज यायचा. बिघाड नव्हे, पण महागडी सायकल एसटीच्या खिडकीसारखी वाजायला लागली तर कोणाला आवडेल? २०२४ च्या नव्या सीएक्समध्ये ती खडखड जवळजवळ गेली आणि सेन्सर सुधारले. आकडे मात्र पुन्हा तेच, ८५ न्यूटन-मीटर आणि ६०० वॅट. त्याच वर्षी जुलैमध्ये ड्रोनवाल्या डीजेआयने १०५ न्यूटन-मीटरची, अडीच किलोची मोटर आणून खळबळ उडवली. २०२५ मध्ये बॉशनेही सॉफ्टवेअर अपडेट देऊन नव्या सीएक्सला १०० न्यूटन-मीटर आणि ७५० वॅटपर्यंत नेलं.

या जादा वॅटचा फायदा किती? गणित करू. सायकल २५ किलो, स्वार ७५ किलो, चढ १० टक्के, कच्च्या वाटेचं रोलिंग २ टक्के धरू, हवेचा विरोध सोडून देऊ. लागणारं बल सुमारे ११८ न्यूटन. ताशी १५ च्या वेगाला ४९० वॅट लागतात. पायाचे १५० वजा केले तर मोटरकडून ३४० हवेत. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीतून ४२५ वॅट जाणार. ८०० वॅट-अवरची बॅटरी पावणेदोन तासांहून थोडी जास्त पुरेल आणि तुम्ही साधारण २८०० मीटर चढाल. समुद्रसपाटीपासून मोजलं तर पावणेदोन कळसूबाई झाली.

आता तोच स्वार मोटरकडून सलग ६०० वॅट घेतो. वेग जवळपास २३, पण बॅटरी तासाभरात संपली आणि चढाई झाली सुमारे २४५० मीटर. वेळ वाचला, पण साडेतीनशे मीटर गेले, कारण पायाचा वाटा तेवढाच कमी झाला. आणि ७५० वॅट घेतले तर २५ ची मर्यादा आडवी येतेच. म्हणजे हा आकडा एखाद्या खड्या चढापुरताच.

टॉर्कचंही तसंच. ८५ न्यूटन-मीटर आणि ६०० वॅट यांची गाठ मिनिटाला सुमारे ६७ फेऱ्यांना पडते (भागाकार स्वतः करून बघा). त्याहून जोरात पॅडल मारलंत तर टॉर्क कमी होणारच.

बॅटरीत खरी प्रगती आहे. बॉशची ७५० वॅट-अवरची बॅटरी चार किलोंच्या वर होती, २०२४ ची ८०० वाली ३.९ किलोची. पण वरच्या गणितात एक किलो म्हणजे एकूण वजनाचा एक टक्का. तेवढं तर मेसचं रविवारचं जेवणच भरून काढतं.

मग घ्यावी की नाही? २०१९ च्या आधीची मोटर असेल तर फरक पहिल्याच चढाला कळेल. २०१९ नंतरची असेल तर बहुतेक करून फक्त शांतता विकत घेतली जाईल. सेकंडहँड घेणाऱ्याने मात्र एक गोष्ट आधी तपासावी. २०२१ मध्ये बॉशने 'स्मार्ट सिस्टिम' आणली, तिची बॅटरी आणि डिस्प्ले आधीच्या सिस्टिमला चालत नाहीत. म्हणजे २०१९ च्या ठणठणीत मोटरवरही आजची ८०० ची बॅटरी बसणार नाही. तिला जुन्याच जातीची बॅटरी शोधावी लागेल, आणि ती मिळेल तोपर्यंतच त्या सायकलचं आयुष्य.