रमजानात हैदराबादचा लाड बाजार रात्रभर जागा का असतो?

'रमजानात चारमिनारला? तेही आजीला घेऊन? डोकं फिरलंय का?'

मार्च २०२५. आमच्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज पडला आणि खाली धडाधड अंगठे. गर्दी असते, पाय ठेवायला जागा नसते, खायला काही मिळत नाही, दुकानदारांचा उपास असतो म्हणून ते चिडचिड करतात... ज्यांनी हे लिहिलं, त्यातलं कुणीही रमजानात तिथं गेलेलं नव्हतं.

आजी मात्र ठाम होती. ती ८४ वर्षांची, नांदेडची, गळ्यात तुळशीची माळ. तिच्या लग्नात लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्या होत्या, त्यामुळं नातीच्या लग्नातही तिथल्याच हव्या. गुडघे दुखतायत, पुढच्या वर्षी जमेल का सांगता येत नाही, म्हणून आत्ताच जायचं. शेवटी आई, मी, बहीण आणि आजी अशा चौघी निघालो.

आता तुम्ही म्हणाल, नांदेडच्या आजीचं हैदराबादशी काय नातं?

मराठवाडा आणि हैदराबाद

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यानंतरही १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्याचाच भाग राहिला. म्हणजे कोर्टकचेरी, कॉलेज, मोठी खरेदी, सगळ्यासाठी राजधानी हैदराबादच. आमचे आजोबा उर्दू माध्यमात शिकले होते. मराठवाड्यात अजूनही कित्येक घरांत जमिनीचे जुने कागद उर्दूत सापडतात.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. हैदराबादी माणूस 'नक्को' म्हणतो, तो आपलाच 'नको'. 'मैंच बोला' यातला 'च' सुद्धा मराठीसारखाच. दखनी भाषेत मराठी अशी मुरलेली आहे.

बाजार किती जुना?

गोवळकोंड्याचा पाचवा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहा यानं १५९१ मध्ये चारमिनार बांधला आणि त्याभोवती नवं शहर वसवलं. चार कमानींतून चार दिशांना चार रस्ते काढले. त्यातल्या पश्चिमेच्या रस्त्याला लाड बाजार लागतो. 'लाड' हा 'लाख' शब्दाचाच बदललेला उच्चार, असं सांगितलं जातं. दुसऱ्या बाजूला पत्थरगट्टी, तिथं मोत्यांची आणि कपड्यांची दुकानं. जवळच मक्का मशीद. कुतुबशाहीत सुरू झालेलं तिचं काम औरंगजेबाच्या काळात १६९४ मध्ये पूर्ण झालं.

मग रात्रीच गर्दी का?

याचं उत्तर रोजाच्या वेळापत्रकात आहे. पहाटे सेहरी, म्हणजे उजाडण्याआधीचं खाणं. त्यानंतर सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. संध्याकाळी इफ्तारला रोजा सोडायचा. रात्री ईशाच्या नमाजनंतर तरावीहची लांब नमाज. ती संपायला दहाच्या आसपास वाजतात. घरातले सगळे मोकळे होतात ते तेव्हा. मग खरेदी सुरू होते आणि पार सेहरीपर्यंत चालते. २०२५ मध्ये तेलंगण सरकारनं रमजानच्या महिन्यात दुकानं २४ तास उघडी ठेवायला परवानगी दिली होती.

दुसरं कारण पैशाचं. ईदला घरातल्या प्रत्येकाला नवे कपडे हवेत. ज्यांच्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक आहे, त्यांनी तिच्यातले अडीच टक्के जकात म्हणून गरजूंना द्यायचे असतात आणि अनेक जण ते रमजानातच देतात. शिवाय ईदच्या नमाजआधी फित्रा द्यायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही सण होतो. एकूण काय, ज्याच्याकडे एरवी पैसा नसतो, त्याच्याही हातात या महिन्यात थोडा खुळखुळतो.

दरवर्षी रमजान वेगळ्या तारखेला का?

इस्लामी वर्ष चंद्रावर चालतं आणि ते साधारण ३५४ दिवसांचं असतं. आपल्या पंचांगातही महिने चंद्राचेच, पण आपण अधिक महिना टाकून हिशोब जुळवून घेतो. इस्लामी कॅलेंडरमध्ये अधिक महिना नाही. त्यामुळं रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. भारतात २०२४ मध्ये पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ मध्ये २ मार्चला. अशी सगळ्या ऋतूंतून एक फेरी पूर्ण व्हायला साधारण ३३ वर्षं लागतात.

लाखेची बांगडी बनते कशी?

आम्ही दुपारी चारला पोचलो. बाजार उघडा, गर्दी बेताची. एका दुकानदारानं आजीला बसायला आधी स्टूल दिलं, मग माल दाखवायला घेतला.

लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या बारीक किड्यांनी सोडलेला चीक. तो तापवून मऊ करतात, लांब कांडी वळतात, तिला गोल आकार देतात. मग गरम लाखेत खडे, आरसे, मणी एकेक करून हातानं बसवतात. मार्च महिना, समोर भट्टी आणि कारागिराचा रोजा, म्हणजे पाण्याचा घोटही नाही. हैदराबादच्या या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.

दुकानदार म्हणाला, वर्षभराचं गणित या एका महिन्यावर आणि लग्नसराईवर असतं. स्वस्त मशीनमेड बांगड्या शेजारीच मिळतात, लांबून फरक कळत नाही. आजीनं बांगडी हातात घेतली, नखानं खडा चाचपला आणि भाव ऐकल्यावर म्हणाली, "इतना नक्को." तो हसला, "अम्मा, तुम तो हमारेच निकले." शंभर रुपये कमी झाले.

शाकाहारी माणसानं खायचं काय?

साडेसहाच्या सुमारास अजान झाली आणि दोन मिनिटांत बाजार शांत. दुकानदारांनी तिथंच कापड अंथरलं. खजूर, कलिंगड, पाणी. आम्ही उठायला लागलो तर त्यानं आजीपुढं फळांची प्लेट केली. "इसमें गोश्त नहीं अम्मा." आजीनं आधी त्याला पाणी प्यायला लावलं, मग खजूर घेतला. दिवसभर पाणीही न प्यालेला हा माणूस दोन तास आम्हाला बांगड्या दाखवत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. चिडचिड तर सोडाच.

बाहेर हलीमच्या भट्ट्या लागल्या होत्या. गहू, मटण, डाळी, तूप आणि मसाले तासन् तास शिजवून, लाकडी घोटण्यांनी घोटून हे हलीम होतं. मूळ पदार्थ अरबांचा 'हरीस'. निजामाच्या फौजेतल्या अरबांमुळं तो हैदराबादेत आला आणि इथं मसालेदार झाला. २०१० मध्ये त्यालाही जीआय मिळाला. आम्ही नुसता वास घेतला.

जायचं असेल तर

सोबत वयस्कर माणूस किंवा लहान मुलं असतील तर दुपारी ३ ते ६ ही वेळ चांगली. रोषणाई आणि खरी गजबज बघायची असेल तर रात्री दहानंतर जा. शुक्रवारी दुपारी आणि शेवटच्या आठवड्यात मक्का मशिदीजवळ प्रचंड गर्दी असते, ते टाळा. मेट्रोनं महात्मा गांधी बस स्थानकापर्यंत जाऊन पुढं रिक्षा करता येते. रोजा असणाऱ्या दुकानदारासमोर खात-पीत उभं राहू नका, एवढं भान पुरेसं आहे.

परतीच्या गाडीत बहिणीनं बांगड्यांचा फोटो ग्रुपवर टाकला. डोकं फिरलंय का विचारणाऱ्या काकूंचा पाच मिनिटांत मेसेज आला : 'छान आहेत गं. कितीला पडल्या?'

आजी म्हणाली, "तिला सांग, भाव करायला मला सोबत न्यावं लागेल."