एबीएसचा पिवळा दिवा आणि खर्चाचा क्रम

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले आणि जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जखडून गाडी घसरू न देणारी ही यंत्रणा साध्या गाड्यांतही आली. या गाड्या आता जुन्या होऊ लागल्याने तिचा पिवळा दिवा ही गॅरेजमधली नेहमीची तक्रार झाली आहे. किल्ली फिरवल्यावर हा दिवा काही क्षण पेटून विझतो, तो यंत्रणेच्या स्वयंतपासणीचा भाग होय. मात्र तो विझलाच नाही, तर यंत्रणेने दोष ओळखून एबीएस बंद ठेवले आहे, असे समजावे. नेहमीचे ब्रेक तरीही लागतात, फक्त चाके जखडण्याचा धोका परत येतो. जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर ब्रेक ऑइल उतरलेले असू शकते किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी व्यवस्था बंद पडलेली असू शकते. तेव्हा काटकसर बाजूला ठेवून गाडी उभी करणेच इष्ट.

फक्त पिवळाच दिवा असेल, तर सुरुवात स्वस्तातून करावी: ब्रेक ऑइलची पातळी, फ्यूज आणि बॅटरीचे व्होल्टेज यांची तपासणी जवळजवळ फुकट होते. त्यानंतर स्कॅनर लागतो. पण स्वस्तातले बरेच स्कॅनर केवळ इंजिनाचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतात आणि एबीएसचे कोड ‘सी’ने सुरू होतात, हे खरेदीपूर्वी पाहिले जात नाही. शिवाय कोड दोषी सुटा भाग सांगत नाही, तो केवळ कोणत्या चाकाकडून येणारा संकेत बिघडला ते सांगतो, आणि याच गैरसमजातून चांगले सेन्सर फेकले जातात.

प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर आणि त्याच्यासमोर फिरणारी दातेरी कडी असते. काही गाड्यांत कडीऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी बसवलेली असते. गाडी जॅकवर उचलून, भक्कम स्टँडवर टेकवून चाक काढले, की निम्मा शोध डोळ्यांनीच लागतो: सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस आणि चिखल, कपलरमध्ये धरलेला हिरवट गंज, किंवा स्टिअरिंगबरोबर सतत वाकून आतून तुटलेली वायर. समुद्रकाठच्या दमट हवेत कडीखाली गंज फुगून ती तडकते. मग गाडी थांबता थांबता, अगदी कमी वेगात, ब्रेकच्या पेडलाला विनाकारण थरथर जाणवते. जुन्या धाटणीच्या, केवळ वेटोळे असलेल्या सेन्सरचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो; तो बहुधा ८०० ते २००० ओहमच्या दरम्यान भरतो, तरी आकड्यापेक्षा दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी केलेली तुलना अधिक भरवशाची. नव्या धाटणीच्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक भाग असल्यामुळे ही कसोटी लागू पडत नाही. तिथे स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकाच वेळी पाहावेत, म्हणजे सरळ रस्त्यावर जो आकडा मध्येच शून्यावर जातो त्याच चाकाचे दुखणे उघड होते.

हे सर्व निर्दोष ठरले, तरच एबीएसचा पंप आणि त्याला जोडलेल्या नियंत्रकाकडे वळावे. भंगारातून आणलेले युनिट स्वस्त वाटते, परंतु त्याचा भाग-क्रमांक तंतोतंत जुळावा लागतो, काही गाड्यांत त्याचे कोडिंग करावे लागते आणि आत अडकलेली हवा काढायला पुन्हा स्कॅनरच लागतो. त्यापेक्षा नियंत्रकाच्या सर्किटची दुरुस्ती करणारा जाणकार मिळाला, तर त्याचा दर आधी विचारलेला बरा.